पिवळा कान

“रोज लागतं ते हाताशी ठेव, कधीमधी लागतं ते वरच्या फळीवर, आणि लागतच नाही ते ज्याला लागतं त्याला देऊन टाक.”

आई हे फडताळापुढे उभी राहून सांगायची आणि सांगता सांगता डबे हलवायची. तिला जाऊन खूप वर्षं झाली, पण कुठलंही कपाट उघडलं की मला आधी तिचा आवाज येतो, मग कपाटातला वास. तिचा दुसराही एक नियम होता, तो दादानं उचलला. घर सोडून जाताना ओटा रिकामा दिसला पाहिजे. आम्ही भावंडांनी आईची अशी वाटणी करून घेतली. हाताशी ठेवणं माझ्या वाट्याला आलं, आवरून जाणं त्याच्या. या वाटणीवरून आमचं कधी वाजलं नाही. एकदाच वाजायची वेळ आली, आणि तेव्हा तो विमानात होता.

दादाचं कानाच्या मशीनचं दुकान आहे. पुढे काचेचं काउंटर, त्याखाली बारीक सेलच्या पाकिटांचे खण, मागे पडदा, आणि पडद्यामागे कान तपासायची स्पंज लावलेली खोली. तिथे शिरलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. जप करायला याहून चांगली जागा नाही, पण दादा म्हणतो, तिथे बसायचं तर तपासणी करून घ्यावी लागेल. मी दुकानात सेल देते, मशीन पुसून वाळवते, आलेल्यांना बसवते. माझा आवाज मुळातच बारीक. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासमोर जिचं बोलणं ऐकू येत नाही तिला बसवली तर धंदा चालायचा कसा, असं दादा गिऱ्हाइकांना सांगून हसवतो. वहिनी त्याच्यावर कडी करते. वन्संचं बोलणं ज्याला ऐकू आलं त्याला मशीनची गरजच नाही, त्याला परत पाठवत जा, असं ती म्हणते.

त्यात माझं सकाळचं मौन. देवापुढे दिवा लावला की दहाचे ठोके पडेपर्यंत मी बोलत नाही. दहा वाजले की पहिला शब्द देवाचा, मग उरलेले जगाचे. कुणाला त्याचा त्रास होऊ नये एवढं मी बघते. दुकान दहालाच उघडतं, त्यामुळे तो कधी झालाही नव्हता.

त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे लवकर येऊन झाडून काढत होते. दादा-वहिनी आदल्या संध्याकाळी लेकीकडे निघून गेले होते. तिचे दिवस भरत आले होते आणि ती समुद्रापलीकडे. विमान उतरायला दुपार होणार होती. शटर अर्धंच वर होतं. त्याखाली आधी दोन बूट दिसले, मग काठी, मग वाकलेले घड्याळकाका.

घड्याळकाकांचं दुरुस्तीचं दुकान आमच्या समोरच आहे. आमच्या भिंतीवरचं ठोक्याचं घड्याळ त्यांनीच जुन्या बाजारातून आणून, दुरुस्त करून दादाला दिलेलं. काकांचे दोन्ही कान गेलेले, दोन्हीत आमची मशीनं. समोर कुणी मोठ्यानं बोललं तर त्यांना कळतं, हळू बोललेलं मात्र वाऱ्यावर जातं. आणि स्वतः काका बोलतात ते असं, की पलीकडच्या गल्लीतला चांभार मान वर करून बघतो.

मी घड्याळाकडे आणि मग ओठांकडे बोट दाखवलं. त्यांना माझं मौन माहीत आहे. ते म्हणाले, चालेल, तुम्ही बोलत नाही आणि मला ऐकू येत नाही, आपलं भांडण होण्याची भीती नाही. पण हसू अर्ध्यावरच राहिलं. ते स्टुलावर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून तिची कड चाचपत राहिले.

हकिगत अशी होती. काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. आणखी पंधरा-वीस दिवस ठेवून घेणार असं डॉक्टर म्हणाले होते, पण जखम छान भरली, म्हणून आजच सकाळी घरी न्या असा निरोप आला होता. आनंदच होता. फक्त एक अट होती. काकूंनी कित्येक महिने मोठ्यानं बोलायचं नाही, कुजबुजल्यासारखं बोलायचं, तेही थोडं. दादाला हे आधीच सांगून ठेवलेलं होतं. त्यानं काकांचे कान पुन्हा तपासून हळू आवाजासाठी मशीनची नवी जुळणी तयार केली होती आणि कॉम्प्युटरमध्ये ठेवली होती. मशीनमध्ये ती भरायची तेवढी बाकी होती. काकू यायच्या आत मी परत येतोच, असं तो म्हणाला होता. आता काकू आधी येत होत्या.

“तिला मोठ्यानं बोलायची बंदी, आणि मला हळू ऐकू येत नाही,” काका म्हणाले. “मग आमच्या घरात बोलायचं कुणी?”

मी कागद घेतला आणि लिहिलं, बघते. त्यांनी वाचायचा चष्मा आणलाच नव्हता. खिशातून घड्याळं दुरुस्त करायची भिंगाची नळी काढून डोळ्याला लावली, कागद नाकाजवळ धरला आणि माझा तो एक शब्द एखाद्या बिघडलेल्या चाकासारखा नीट तपासला. मग नळी डोळ्यावर तशीच ठेवून ते म्हणाले की अजून एक आहे, तेही सांगून टाकतो.

काकूंना ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा त्यांनी काकांचा हात धरून काहीतरी विचारलं होतं. दवाखान्यातला गलका, चाकांचा खडखडाट, काकांना एक अक्षर ऐकू आलं नाही. तरी ते हो हो म्हणाले. काकू हसल्या आणि आत गेल्या. नंतर काकूंना बोलायला बंदीच होती, आणि काय विचारलं होतंस हे लिहून दे असं म्हणायला यांची जीभ उचलेना.

“ती त्या हो वर भरवसा ठेवून आत गेली, ताई. मला ते निभवायचंय. पण काय निभवायचं तेच ठाऊक नाही. आज ती पुन्हा सांगेल आणि मी पुन्हा काय, काय करत बसलो, तर तिला कळेल की तेव्हाही मला ऐकू आलं नव्हतं.”

मी त्यांच्या कानांतली मशीनं काढून घेतली, पुसली, आणि छोट्या डबीला असलेल्या दोन वायरींना लावली. ही डबी कॉम्प्युटरला जोडलेली असते. आता काका अगदीच निःशब्द जगात गेले आणि मी कॉम्प्युटर सुरू केला.

इथे कॉम्प्युटरबद्दल सांगायला हवं. दादाचा जुना कॉम्प्युटर मागच्याच पंधरवड्यात बंद पडला होता. त्याच्याशी माझी ओळख होती म्हणजे देवळातल्या पायऱ्यांशी असते तशी. डोळे मिटूनही पाय पडायचा. डाव्या बाजूला वरून तिसरं चित्र म्हणजे पिवळा कान. तो दोनदा दाबायचा, माणसाचं नाव निवडायचं, खालचा हिरवा बाण दाबायचा. दादाही मला नेहमी ‘पिवळा कान उघड’ असंच सांगायचा. त्या अॅप्लिकेशनला काही नाव असेल असा विचार माझ्या मनात कधी आलाच नाही. घरातल्या आजीला नाव असतं हे लहान मुलाला कुठे माहीत असतं? नवा कॉम्प्युटर मात्र वेगळ्याच घराण्यातला निघाला. दादा त्याच्यावर आठवडाभर बसला होता. मी फक्त त्याची धूळ पुसली होती.

कॉम्प्युटरचा पडदा उजळला. निळा डोंगर, त्यावर थोडे ढग, खाली चार-पाच चिमुकल्या चित्रांची पट्टी. बस. ना पिवळा कान, ना दुसरं काही. दादा गावाला जाताना ओटा पुसून गेला होता.

मला राग आला. मौनात राग आला की तो बाहेर जायला वाट नसते, तो पोटातच फिरत राहतो. मी मनात नाव घेतलं आणि माउसवर हात ठेवला.

पट्टीतलं पहिलं चित्र दाबलं, त्यातून गणित करायचं यंत्र निघालं. दुसऱ्यातून कोरा कागद निघाला. तिसरं दाबलं आणि दुकानात ढोल-ताशांसकट कुणाचं तरी गाणं सुरू झालं. आवाज इतका मोठा, की काउंटरची काच थरथरली. बंद कुठे करायचं ते सापडेना. मी की-बोर्डवर हात फिरवतेय, गाणं संपायचं नाव घेत नाहीये, बाहेरून जाणारी एक बाई वाकून आत बघतेय, आणि काका शांतपणे भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहत बसलेत. शेवटी मी आवाजाच्या पेटीची वायरच उपटली. काकांनी माझा चेहरा बघून खुणेनंच विचारलं, काही झालं का? मी मान हलवली. कुणाला सांगून पटलं नसतं.

कॉम्प्युटर बसवून गेलेल्या माणसाला मी फोनवरून निरोप पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं. ‘सगळं टाकलंय. बघा.’ बघतच तर होते.

पट्टीच्या अगदी टोकाला नऊ ठिपके होते. मला ती नक्षी वाटली होती, शर्टाची बटणं एका कागदावर शिवलेली असतात तशी. सगळं दाबून झालं होतं, म्हणून तीही दाबली. आणि डोंगर बाजूला होऊन अॅप्लिकेशनांची अख्खी फौज समोर आली. रंगीत चौकोन, गोल, कॅमेरे, पाकिटं, ढग, दात असलेलं चाक, पत्त्यांची पानं. एक पान भरलं, शेजारी दुसरं पान होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी हरखले, आणि दोन्ही पानं वरपासून खालपर्यंत पाहून झाल्यावर तितकीच खचले. पिवळा कान कुठेच नव्हता.

वर एक रिकामी चौकट होती. तीत मी ‘कान’ लिहिलं. काहीच मिळालं नाही असं उत्तर आलं. ‘पिवळा’ लिहिलं. तेच उत्तर.

घड्याळ दहाकडे सरकत होतं. काका उठून उभे राहिले होते. ते म्हणाले, राहू द्या ताई, तुमचा जीव आटवू नका, मी तिच्या ओठांकडे बघेन. पण स्वरात जोर नव्हता, आणि काकूंचे ओठ ते आजवर किती बघत आले आणि त्यातून काय काय घोटाळे झाले याचे किस्से त्यांनीच मला सांगितलेले होते. मी हातानं त्यांना बसा म्हटलं. ते बसले. टोपी पुन्हा गुडघ्यावर आली.

मी डोळे मिटले. अडलं की मी तेच करते, त्यात काही मोठं नाही. आणि मला आई दिसली, डब्यावरचं झाकण फिरवताना. आमच्याकडे एकदा दोन डब्यांची झाकणं बदलली होती, आणि मी कोणत्या डब्यात काय ते ओळखेना. तेव्हा ती म्हणाली होती, झाकणाकडे काय बघतेस, सोबत काय असतं ते बघ.

पिवळ्या कानासोबत नेहमी काय असायचं? ती डबी. जिला आत्ता काकांची मशीनं लटकलेली होती.

मी डबी उलटी केली. पाठीवर अगदी बारीक अक्षरं कोरलेली होती, बनवणाऱ्या कंपनीचं नाव असावं. माझ्या डोळ्यांना ती नुसती मुंग्यांची रांग दिसत होती. मी काकांपुढे हात केला. त्यांना क्षणभर उमगेना, मग उमगलं. त्यांनी भिंगाची नळी माझ्या तळहातावर ठेवली, आणि मग स्वतःच परत घेतली, डोळ्याला लावली, डबी हातात धरली आणि एकेक अक्षर मोठ्यानं सांगू लागले. मी एकेक अक्षर चौकटीत दाबत गेले. पहिल्या अक्षराला पानावरची निम्मी गर्दी पांगली. दुसऱ्याला मोजकी चित्रं उरली. चौथ्याला एकच उरलं. निळसर गोल, त्यात पांढरी लाट. ते मी मघाशी दोनदा पाहून सोडलं होतं. मला ते हवामान सांगणारं वाटलं होतं.

दाबलं. थोडा वेळ चक्र फिरलं. मग खिडकी उघडली, आणि तिच्या डाव्या कोपऱ्यात, नखाएवढा, पिवळा कान.

माझा जीव भांड्यात पडला. नव्या घरात आल्यावर बिचाऱ्यानं दारावरची पाटी बदलली होती, आत माणूस तोच होता. पुढचं सगळं ओळखीचं होतं. काकांचं नाव, त्याखाली दादानं ठेवलेली जुळणी, ‘हळू आवाज, काकू घरी आल्यावर’ अशा शब्दांत. हिरवा बाण दाबला. पट्टी डावीकडून भरत निघाली, आणि काढू नका, थांबा अशी सूचना आली.

थांबायचंच होतं. दहा वाजायचे होते, आणि जुळणी बरोबर बसली की नाही हे बघायला माणसाचा आवाज लागतो. तेवढ्या वेळात मी ओटा मांडायला घेतला. निळा गोल माउसनं धरला आणि ओढत ओढत खालच्या पट्टीत आणून सोडला, सगळ्यात पहिल्या जागी. रोज लागतं ते हाताशी. त्याच्याशेजारी कान तपासणीचं अॅप्लिकेशन ठेवलं, त्याच्यापलीकडे निरोपांचं. छपाईचं आणि फोटोंचं कधीमधी लागतं, त्यांना डोंगरावर एका फोल्डरमध्ये बसवलं आणि फोल्डरला नाव दिलं ‘वरची फळी’. पत्त्यांचा खेळ आणि ते ढोलवालं गाणं पट्टीतून काढून टाकलं. गाणं काढताना हात जरा जोरात पडला असेल, देव क्षमा करो.

काका मागे उभे राहून बघत होते. त्यांच्या टेबलावरही असंच असतं, ते म्हणाले, चिमटा उजवीकडे, तेल डावीकडे, आणि सून आवरायला आली की त्यांचा दिवस वाया जातो.

पट्टी भरली. मी मशीनं वायरीवरून सोडवून त्यांच्या कानांत बसवली. ते जागचे हलेनात. त्याच वेळी भिंतीवरच्या घड्याळानं खर्र केलं आणि ठोके द्यायला सुरुवात केली. काकांनी मान वर केली. पूर्ण दहा ठोके त्यांनी तशीच मान ठेवून ऐकले.

“हे इतकं बसक्या आवाजात ठोके देतं?” ते म्हणाले. “आणि तुम्ही मला आजवर सांगितलं नाहीत. तेल हवंय त्याला.”

आवाज अर्ध्यावर आणून ते हे बोलले होते. त्यांचं त्यांनाही ते कळलं, आणि ते घशाला हात लावून दचकल्यासारखे थांबले.

दहा वाजून गेले होते. मी नेहमीप्रमाणे, ओठांतल्या ओठांत, दिवसाचा पहिला शब्द उच्चारला. देवा.

काका वळले. म्हणाले, मला हाक मारलीत की त्याला?

हा शब्द आजवर ज्याच्यासाठी होता त्याच्याखेरीज कुणी ऐकलेला नव्हता. पण परीक्षा बाकी होती. ओठ दिसता कामा नयेत, म्हणून मी पडद्यामागे गेले आणि तिथून विचारलं, माझा आवाज येतो का?

“येतो,” पडद्यापलीकडून उत्तर आलं. “पण ओरडताय कशाला?”

मी पडदा धरून हसत राहिले. माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी असं म्हणालं नव्हतं. दादा-वहिनी हे ऐकायला हवे होते. मग आवाज आणखी खाली नेला, इतका की माझा मलाच जेमतेम ऐकू येईल, आणि विचारलं, काकूंनी एवढ्याशा आवाजात काही सांगितलं तर ऐकू येईल का?

पडदा सारून बघितलं तर काका पाठमोरे उभे होते आणि टोपीनं डोळे पुसत होते. येईल, ते म्हणाले. आणि नाही आलं तर मी म्हणेन, पुन्हा सांग. उगीच हो म्हणणार नाही.

मी त्यांना नेहमीच्या सूचना दिल्या. बाहेर गलका मोठा वाटेल, घाबरू नका, रस्ता ओलांडताना डोळ्यांवरच भरवसा ठेवा, फार झालं तर हे बटण एकदा खाली दाबा. सगळं मी माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, आणि त्यांनी एकदाही काय म्हणून विचारलं नाही. मला हे इतकं नवं होतं, की सांगून झालेली एक सूचना मी उगाच पुन्हा सांगितली.

तेवढ्यात फोन वाजला. दादाचा निरोप होता. विमान मध्ये कुठेतरी थांबलं होतं. ‘कॉम्प्युटर आवरून आलोय. पिवळा कान कुठे ठेवलाय ते सांगायचं राहिलं.’ मी त्याला लिहिलं की सापडला, ओटा पुन्हा मांडलाय, तू आल्यावर हात लावू नकोस. पोटातला राग केव्हाच निघून गेला होता. तो कधी गेला ते मी पाहिलंही नाही.

काकांनी टोपी घातली, भिंगाची नळी खिशात टाकली. काकूंना न्यायला गाडी सांगून देऊ का, असं मी विचारलं. ते म्हणाले, येताना करेन, जाताना चालतच जातो, जरा सवय होऊ दे. शटरखालून वाकून ते बाहेर गेले. मी शटर पूर्ण वर केलं.

दोन पावलं टाकून ते थबकले आणि आपल्याच बुटांकडे बघू लागले. काठी एकदा फरशीवर टेकवून पाहिली. मग पुन्हा, जरा हळू. समोर त्यांच्या दुकानाला कुलूप होतं. त्यामागे सगळी घड्याळं चालत असणार, पण ते तिकडे वळले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली, काठी काखेत घेतली, म्हणजे तिचाही आवाज नको, आणि गल्लीच्या कडेनं, हळूहळू, दवाखान्याच्या दिशेनं चालू लागले.